लेखी कथन म्हणजे सारांश नव्हे

घरी शिकणाऱ्या दोन भावंडांना एकच उतारा वाचून दाखवायचा, दोघांना लिहायला बसवायचं आणि नंतर थोरल्याची वही धाकटीसमोर धरून म्हणायचं, ‘बघ, दादाने कसं मुद्देसूद लिहिलंय!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. बहुतेक वेळा दादाने सारांश लिहिलेला असतो. कथन धाकटीने केलेलं असतं.

सारांश आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलाय. एक तृतीयांश करा, शीर्षक द्या. त्यावर वेगळं काही सांगायला नको.

कथनाची पद्धत इंग्लंडमधल्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी रुजवली. उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. सहा वर्षांच्या आत सक्ती नाही. लिहून काढणं साधारण नऊ-दहाव्या वर्षापासून, तोवर तोंडी.

घोळ होतो तो ‘महत्त्वाचं’ या शब्दापाशी. समजा, गॅलिलिओचा उतारा वाचला. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्याला गुरूजवळ तीन ठिपके दिसले, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. नऊ तारखेला आभाळ भरलेलं. तेराला चौथा ठिपका दिसला. अकरा वर्षांचा दादा लिहितो: ‘गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र शोधले. सगळं काही पृथ्वीभोवती फिरत नाही हे त्यामुळे कळलं.’ नऊ वर्षांची बहीण लिहिते: ‘त्याला आधी वाटलं तारेच आहेत. मग बघतो तर सगळे एकाच बाजूला! मग ढग आले आणि त्याला थांबावं लागलं.’ आणि ती तिथेच संपवते, चंद्र हा शब्दही येत नाही.

दादाची दोन वाक्यं बरोबर आहेत, पण ती उतारा न ऐकताही लिहिता आली असती. बहिणीने ढग ठेवले. सारांशात ते पहिल्या फटक्यात उडाले असते, कारण निष्कर्षाला त्यांचा उपयोग नाही. कथनात मात्र त्यांच्यामुळेच समजतं की ती त्या माणसाबरोबर एक रात्र ताटकळली. राहिलेले चंद्र पुढच्या वाचनात येतील. म्हणून ‘मुख्य मुद्दे लिहा’ असं कथनाआधी कधीही म्हणू नका. ते म्हटलं की मूल आठवणं सोडून आपल्याला काय हवंय ते हुडकायला लागतं.

दोघांना एकत्र बसवायचं तर वाचन एकत्र, लेखन स्वतंत्र. लिहिण्याआधी तोंडी उजळणी घेऊ नका, नाहीतर धाकटी दादाचंच ऐकलेलं लिहिते. तोंडी कथनाच्या दिवशी आधी तिला बोलू द्या, सुटलेलं दादा भरेल. मधे कुणीही टोकायचं नाही, आपणसुद्धा. तिचा हात चार ओळींत दुखला तर पुढचं तिने सांगावं, आपण उतरवावं, तिच्याच शब्दांत, ‘मग’ दहादा आला तरी.

ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा या वहीत नकोतच. शुद्धलेखनाला वेगळी वही, वेगळा वेळ. दादाला सारांश शिकवायचाच असेल तर जरूर शिकवा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या उताऱ्यावर, आणि त्याला ‘सारांश’ असंच म्हणून.