लकडी पूल आणि नेटिव्ह कोड

मार्चअखेर होती. एका बँकेची ठेवींवरच्या व्याजाची आकारणी रात्री सुरू व्हायची, ती सकाळी शाखा उघडायची वेळ आली तरी संपत नव्हती. पुण्याच्या मगरपट्ट्यातल्या ऑफिसात आम्ही चौघं डोकं लावून बसलो होतो. एकानं सुचवलं, "सगळा पीएल-एसक्यूएल नेटिव्ह करून टाकू. इंटरप्रिटेड आहे म्हणून रेंगाळतोय." पीएल-एसक्यूएल ही डेटाबेसच्या आत साठवलेल्या कोडची भाषा. इंटरप्रिटेड म्हणजे चालताना सूचना एकेक करून वाचला जाणारा कोड, नेटिव्ह म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतला. चाचणीच्या सर्व्हरवर सगळ्या प्रोसिजर, सगळी पॅकेजं (म्हणजे साठवलेल्या कोडचे तुकडे आणि त्यांचे संच) नेटिव्ह पद्धतीनं कंपाइल केली, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणली, आणि जॉब पुन्हा लावला. वेळ जवळपास तेवढाच लागला.

असं का झालं हे शोधताना डेटाबेसच्या पोटात काय चालतं ते मला पहिल्यांदा नीट दिसलं.

डेटाबेस म्हणजे नुसतं माहितीचं कोठार, अशी आपली समजूत असते. पण व्याज कसं काढायचं, दंड कधी लावायचा, हे नियमही त्याच्या आत कोड म्हणून साठवता येतात. आमची बँक वापरत होती त्या ओरॅकल या डेटाबेसमध्ये ही सोय १९९२ साली सातव्या आवृत्तीबरोबर आली. भाषा पीएल-एसक्यूएल, तिचं वळण एडा या भाषेवरून घेतलेलं.

'इंटरप्रिटेड' या शब्दानं इथे थोडी दिशाभूल होते. ओरॅकल आपण लिहिलेला मजकूर दर वेळी पहिल्यापासून वाचत बसत नाही. प्रोसिजर साठवतानाच ती कंपाइल होते. फक्त त्यातून निघतो तो एम-कोड, म्हणजे एका कल्पित यंत्राची भाषा. त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम ओरॅकलच्या आत असतो. तो एक सूचना उचलतो, ती कसली आहे ते पाहतो, तिच्यासाठी लिहून ठेवलेल्या कोडकडे उडी मारतो, काम उरकतो आणि पुढची उचलतो. दोन पूर्णांकांची बेरीज प्रोसेसर एका सूचनेत करतो. तिच्याभोवतीची ही उचलाउचल मात्र अनेक सूचना खाऊन जाते.

सदाशिव पेठेत नवखा माणूस चिठ्ठी घेऊन चालतो तसं हे. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, ओळ वाचायची, नागनाथ पार हाच का ते बघायचं, मग वळायचं. पेठेत वाढलेला माणूस तेच अंतर न थांबता चालून जातो. नेटिव्ह कोड म्हणजे हा दुसरा माणूस. एम-कोडच्या जागी त्या सर्व्हरच्या प्रोसेसरची स्वतःची यंत्रभाषा तयार होते आणि चिठ्ठी वाचण्याचा वेळ वाचतो.

मग आमचा वेळ का वाचला नाही?

कारण आमचा कोड पेठेत फारसा चालतच नव्हता. तो पुलावर होता. पीएल-एसक्यूएल आणि एसक्यूएल ही एकाच सर्व्हरमधली दोन वेगळी इंजिनं आहेत. हिशेब आणि अटी पहिल्याकडे, तक्त्यातून ओळी आणणं आणि बदललेल्या ओळी परत लिहिणं दुसऱ्याकडे. मी ते असं बघतो: अलका चौकाच्या बाजूला पहिलं, डेक्कनच्या बाजूला दुसरं, मध्ये लकडी पूल. आमच्या कोडमध्ये एक लूप होती. एक खातं आणायचं, व्याज काढायचं, लगेच अपडेट करायचं, मग पुढचं खातं. खाती लाखांत, म्हणजे पुलावरच्या खेपाही लाखांत. पेठेतल्या माणसाच्या पायाला कितीही वेग आला तरी पुलावरच्या खेपा तेवढ्याच राहतात, आणि पलीकडे डिस्कवरून ओळी शोधायला लागणारा वेळही तेवढाच. एसक्यूएलचं इंजिन ओरॅकलनं आधीच यंत्रभाषेत दिलेलं असतं. आपण नेटिव्ह निवडलं म्हणून त्याच्यात काहीच बदलत नाही.

साधं गणित मांडून बघा. शंभर मिनिटांच्या जॉबमध्ये ९० मिनिटं एसक्यूएलची आणि १० पीएल-एसक्यूएलची असतील, आणि नेटिव्ह केल्यानं त्या १० ची ५ झाली, तर जॉब ९५ मिनिटांचा होतो. लूपमधला अपडेट बाहेर काढून एकगठ्ठा केला तर फायदा त्या ९० मिनिटांत मिळतो. गठ्ठ्यानं आणण्याची आणि गठ्ठ्यानं लिहिण्याची सोय, बल्क कलेक्ट आणि फॉरऑल, ओरॅकलमध्ये ८आय या आवृत्तीपासून आहे. शिवाय १०जी पासून साधी कर्सर फॉर लूप (ओळी एकेक करून हाताळणारी लूप) सुद्धा आतल्या आत शंभर-शंभर ओळी आणते, म्हणजे पुलाच्या अलीकडच्या बाजूला येणाऱ्या खेपा आपोआप कमी होतात. लूपच्या आतला अपडेट मात्र एकेक करूनच जातो. आमचं दुखणं नेमकं तिथं होतं. फॉरऑलनं लिहिल्यावर जॉब शाखा उघडायच्या बराच आधी संपू लागला.

दुसरं कारण मला जास्त शिकवून गेलं. बँकेचं व्याज 'नंबर' या प्रकारात काढतात. तो दशमान पद्धतीनं, ३८ अंकांपर्यंत अचूकता सांभाळतो, म्हणून पैसा इकडचा तिकडे होत नाही. पण असे आकडे प्रोसेसरला थेट बेरजेला घेता येत नाहीत. ते काम ओरॅकलची आतली गणित-रूटीन्स करतात. कोड इंटरप्रिटेड असो की नेटिव्ह, हाक त्याच रूटीन्सना जाते, आणि ती आधीपासूनच यंत्रभाषेत असतात. वेग हवा म्हणून पैशाचा हिशेब दुसऱ्या प्रकारात नेण्याचा मोह मात्र कुणी करू नये, असं माझं ठाम मत आहे. ठेवीदाराच्या पैशापेक्षा चार मिनिटं मोठी नाहीत.

नेटिव्हचा इतिहासही सांगण्यासारखा आहे, कारण बऱ्याच जुन्या डीबीएंच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या मनात त्याची जी अढी आहे ती तिथून आली. २००१ साली ९आय मध्ये ही सोय पहिल्यांदा मिळाली तेव्हा ओरॅकल आपल्या कोडचं भाषांतर आधी सी भाषेत करायचं. मग सर्व्हरवरचा सी कंपाइलर ते यंत्रभाषेत आणायचा आणि तयार झालेल्या फायली डेटाबेसच्या बाहेर, एका डिरेक्टरीत पडायच्या. बँकेच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर सी कंपाइलर ठेवायला सुरक्षेची माणसं कशी तयार होणार? बॅकअप डेटाबेसचा घेतला आणि फायली मागे राहिल्या, हा आणखी एक घोर. १०जी मध्ये त्या फायलींची प्रत डेटाबेसच्या आत राहू लागली. २००७ च्या ११जी मध्ये कंपाइलरची गरजच संपली. ओरॅकल स्वतःच थेट यंत्रभाषा तयार करून डेटाबेसमध्ये ठेवू लागलं. आज एका सेटिंगचा प्रश्न उरलाय, तरी ती मुळात इंटरप्रिटेडवरच असते.

त्यालाही कारण आहे. नेटिव्ह कोड कंपाइल व्हायला जास्त वेळ घेतो आणि डीबगरनं, म्हणजे चुका शोधायच्या साधनानं, तो ओळीओळीनं तपासता येत नाही. ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कंपाइल करताना कोड किती सुधारून घ्यायचा याची, पातळी दोनच्या खाली ठेवली, तर आपण नेटिव्ह मागितलं तरी ओरॅकल निमूट इंटरप्रिटेड कोडच तयार करतं. रोज कोड बदलणाऱ्या टीमनं इंटरप्रिटेड ठेवावं, यात काही चूक नाही.

ही कल्पना एकट्या ओरॅकलची नव्हे. सत्तरच्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रयोगात एसक्यूएलची वाक्यंच यंत्रभाषेत कंपाइल करत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरनं २०१४ मध्ये मेमरीतल्या तक्त्यांसाठी नेटिव्ह प्रोसिजर आणल्या, त्याही सी भाषेच्या वाटेनं. पोस्टग्रेस या आणखी एका डेटाबेसनं २०१८ मध्ये क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालू असतानाच तिच्यातल्या अटींची यंत्रभाषा करायला सुरुवात केली.

त्याच बँकेत एक छोटं फंक्शन होतं, तिथे मात्र नेटिव्हचा परिणाम डोळ्यांना दिसला. ग्राहकाचा आधार क्रमांक टाइप करताना चुकला का, हे ते तपासायचं. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा हा पडताळणीचा अंक असतो आणि तो व्हरहूफ पद्धतीनं काढतात. डच गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही रीत मला फार सुंदर वाटते. नियमित पंचकोन स्वतःवरच तंतोतंत बसेल असा दहा प्रकारे फिरवता किंवा उलटवता येतो. त्या दहा हालचालींचं कोष्टक इथे गुणाकाराच्या जागी येतं, आणि त्यात क्रम उलटला तर उत्तर बदलू शकतं. या रीतीत एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक अदलाबदल झाले, तर चूक हमखास पकडली जाते.

या फंक्शनला तक्त्यातून काहीच आणायचं नसतं. बारा अंक, प्रत्येकासाठी दोन लहान कोष्टकांत नजर टाकायची, बस्स. सगळं काम पेठेतलं. आम्ही त्यातला 'नंबर' प्रकार काढून सिंपल इंटिजर हा पूर्णांकांचा प्रकार घातला. या प्रकारात रिकामी किंमत चालतच नाही आणि आकडा मर्यादेबाहेर गेला का हेही तपासलं जात नाही, त्यामुळे नेटिव्ह कोडमध्ये बेरीज ही खरोखरच प्रोसेसरची बेरीज उरते. सगळे ग्राहक एका दमात तपासले तेव्हा फरक घड्याळ न लावताही कळत होता. बाकी सगळी पॅकेजं आम्ही परत इंटरप्रिटेड केली. हे एक फंक्शन तेवढं नेटिव्ह ठेवलं.