मदतनिधीसाठी उभा राहिलेला जलसा : ‘थँक युवर लकी स्टार्स’

वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूड स्टुडिओचा ‘थँक युवर लकी स्टार्स’ हा १९४३ चा संगीतप्रधान विनोदी चित्रपट आज फारसा कुणाच्या स्मरणात नाही. त्याच्या विस्कळीतपणाचे मूळ तो ज्या कारणासाठी निघाला त्यातच आहे. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर अभिनेत्री बेट डेव्हिस आणि अभिनेता जॉन गारफिल्ड यांच्या पुढाकाराने ३ ऑक्टोबर १९४२ रोजी जवानांसाठी ‘हॉलिवूड कँटीन’ सुरू झाले. तिथे अंगावरचा गणवेश हेच तिकीट असे, आणि आघाडीवर निघालेल्या जवानांना नामांकित नटनट्या स्वतः वाढत, त्यांच्याबरोबर नाचत. या चित्रपटासाठी स्टुडिओच्या बड्या कलाकारांना प्रत्येकी ५०,००० डॉलर मानधन मिळाले, ते त्यांनी कँटीनला देऊन टाकले.

साहजिकच कथानक म्हणजे गाणी टांगण्यापुरती खुंटी. मदतीच्या जलशाची तयारी चालू आहे आणि विनोदी नट एडी कँटर त्यात लुडबुड करतो आहे, एवढेच. कँटरने आढ्यतेखोर एडी कँटर आणि त्याच्यासारखाच दिसणारा बसचालक अशा दोन भूमिका केल्या आहेत. स्वतःचीच टर उडवण्याची ही कल्पना प्रारंभी खुसखुशीत वाटते, पण दोन तासांहून अधिक लांबीच्या चित्रपटात ती फार ताणली गेली आहे.

चित्रपट जिवंत होतो तो नटमंडळी आपली नेहमीची वाट सोडतात तेव्हा. तलवारबाज नायक म्हणून गाजलेला एरॉल फ्लिन प्रकृतीमुळे सैन्यात अपात्र ठरला होता. इथे तो गुत्त्यात बसून युद्धातल्या पराक्रमाच्या थापा मारणारा खलाशी होऊन गातो.

त्याहून सरस बेट डेव्हिस. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय १८ वर आले, गावोगावचे तरुण निघून गेले, आणि मागे उरलेले एकतर फार कोवळे किंवा फार म्हातारे, अशी तक्रार गीतकार फ्रँक लेसर आणि संगीतकार आर्थर श्वार्ट्झ यांच्या गाण्यात ती करते. गाण्याचा गळा तिला नाही, म्हणून ती ओळी अर्ध्या बोलते, अर्ध्या गाते. मध्येच एक तरुण तिला जिटरबग नाचात गरागरा फिरवतो आणि शोकांतिकांची ही सम्राज्ञी बिनधास्त फिरते. या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले.

कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियलचे गाणेही ठेक्याचे आहे; पण ते सगळेच्या सगळे कृष्णवर्णीय कलाकारांचे, वेगळे काढलेले आहे. ज्या कँटीनसाठी हा खटाटोप होता, तिथे मात्र गोऱ्या आणि कृष्णवर्णीय जवानांना एकाच दाराने प्रवेश होता.