दूरस्थ कार्यपद्धती

नोकरीतले नेमून दिलेले काम कचेरीत न जाता, घरून किंवा घराजवळच्या दुसऱ्या जागेतून, संगणक व दूरसंचार यांच्या साहाय्याने करण्याची पद्धत. टेलिवर्क, टेलिकम्यूटिंग, रिमोट वर्क ही तिची इतर नावे. मराठी बोलण्यात २०२० पासून ‘वर्क फ्रॉम होम’ हेच रूढ आहे. विड्या वळणे, पापड लाटणे, कपडे शिवणे असे नगावारी मजुरीचे घरकाम हिच्यात मोडत नाही. तेथे मजूर आणि मालक यांच्यामध्ये बहुधा कंत्राटदार असतो. येथे नोकरीचे नाते, पगार व रजा तशाच राहून जागा तेवढी बदलते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ च्या गृहकामविषयक करारानेही (क्र. १७७) अधूनमधून घरी काम करणाऱ्या नोकरदाराला गृहकामगारांत धरलेले नाही. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.

उगम : पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही लेखक तो १८७७ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी बॉस्टनमधील एका बँकेच्या अध्यक्षाने बँकेपासून सॉमरव्हिल येथील आपल्या घरापर्यंत टेलिफोनची तार टाकून घेतली, असे सांगितले जाते. मात्र टेलिफोनच्या इतिहासात त्याच वर्षीच्या एप्रिलमधली, त्याच दोन ठिकाणांना जोडणारी जी तार प्रसिद्ध आहे ती चार्ल्स विल्यम्स यांची. ते बँकवाले नव्हते; अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची सुरुवातीची उपकरणे त्यांच्या कारखान्यात बनत. दोन हकिकतींची सरमिसळ झाली असण्याचा संभव आहे. ती झाली नसली, तरी एका मालकाने स्वतःच्या सोयीसाठी टाकलेल्या तारेला कार्यपद्धतीचा आरंभ म्हणणे ताणल्यासारखे होते. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९५० मध्ये, युरोपात बसलेला वास्तुविशारद अमेरिकेतील बांधकामावर चित्रप्रेषणाच्या मदतीने देखरेख करू शकेल, असे लिहिले होते. पण तेही कल्पनेपुरतेच राहिले.

प्रत्यक्ष काम घरून करवून घेण्याची सुरुवात संगणकाच्या क्षेत्रात आणि स्त्रियांच्या पुढाकाराने झाली, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. अमेरिकेत एल्सी शट यांनी १९५७-५८ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात, मुले झाल्यावर नोकरी सोडाव्या लागलेल्या प्रोग्रॅमर स्त्रियांना घरून काम देणारी ‘कॉम्प्युटेशन्स’ ही संस्था उभी केली. तिच्यापेक्षा अधिक मोठी व अधिक काळ टिकलेली संस्था ब्रिटनमधील स्टेफनी शर्ली यांची. नाझींपासून वाचवून १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये आणलेल्या मुलांपैकी त्या एक होत. १९६२ मध्ये ६ पौंड भांडवलावर त्यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही कंपनी काढली. पहिल्या सुमारे ३०० जणांत पुरुष अवघे तीन होते. कागदावर पेन्सिलीने लिहिलेला प्रोग्रॅम टपालाने जाई, अडचणी टेलिफोनवर सुटत. काँकॉर्ड विमानाच्या उड्डाणनोंद यंत्रणेसाठीचे प्रोग्रॅमही याच घराघरांतून लिहिले गेले. बाईच्या सहीची पत्रे गिऱ्हाईक मनावर घेत नाहीत असे दिसल्यावर शर्ली ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या.

टेलिकम्यूटिंग आणि टेलिवर्क हे दोन्ही शब्द अमेरिकन अभियंते जॅक नाइल्स यांचे, १९७३ चे. अग्निबाण व अवकाशयानांच्या क्षेत्रातून ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानातून त्यांनी लॉस अँजेलिसमधील एका विमा कंपनीत प्रयोग केला. ऑक्टोबर १९७३ मधील अरब देशांच्या तेलबंदीशी या प्रयोगाची सांगड नेहमी घातली जाते. प्रकल्पाची आखणी बहुधा त्याआधीची असावी. तेलटंचाईमुळे कल्पनेला श्रोते मिळाले एवढेच म्हणणे सुरक्षित. येथे महत्त्वाचे हे की नाइल्स यांनी कर्मचाऱ्यांना घरी बसवले नव्हते. कंपनीची छोटी उपकेंद्रे कर्मचाऱ्यांच्या वस्त्यांजवळ उघडायची आणि माणसांऐवजी माहितीने शहर ओलांडायचे, असा तो बेत होता. नाइल्स यांच्या नंतरच्या कथनानुसार प्रयोग यशस्वी होऊनही कंपनीने तो पुढे चालवला नाही. पुढे १९७९ मध्ये अर्थतज्ज्ञ फ्रँक शिफ यांनी पेट्रोलबचतीचा मार्ग म्हणून घरून कामाचा पुरस्कार केला, १९८० मध्ये ॲल्विन टॉफ्लर यांनी ‘इलेक्ट्रॉनिक कॉटेज’ची कल्पना लोकप्रिय केली, आणि वस्तीजवळच्या केंद्राचा मूळ विचार मागे पडून घर हेच कामाचे ठिकाण ठरले. नावाचे जनकत्व नाइल्स यांना आणि पद्धतीचे शर्ली यांना देणे अधिक ग्राह्य वाटते.

मालकाचे लाभ : जागेचे भाडे, वीज व देखभाल यांतील बचत उघड आहे. कर्मचारी नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण घटणे हा त्याहून मोठा लाभ, कारण नवा माणूस शोधणे आणि शिकवून तयार करणे महाग पडते. याचा सर्वांत काटेकोर पुरावा शांघायमधील सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीतून येतो. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये तेथील कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांतून चिठ्ठी काढून निम्म्यांना नऊ महिने घरून काम दिले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. त्यांपैकी सुमारे ९ टक्के वाढ मधल्या सुट्या व आजारपणाच्या रजा कमी झाल्याने, तर ४ टक्के वाढ दर मिनिटाला अधिक कॉल घेतल्याने झाली. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. या प्रयोगाचा एक तपशील पुष्कळदा गाळला जातो : भाग घेण्यासाठी घरात स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड असणे ही अट होती, आणि आठवड्यातला एक दिवस कचेरीतच जात होता. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातील परीक्षकांना घरून कामाऐवजी देशात कोठूनही काम करण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांचे काम ४.४ टक्क्यांनी वाढले.

उलट निष्कर्षही आहेत, आणि ते भारतातलेच असल्याने येथील वाचकाने अधिक लक्षात घ्यावेत असे आहेत. एका मोठ्या भारतीय आयटी कंपनीतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या नोंदींत कामाचे तास वाढले, पण उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घटली; बैठकांतच बराच वेळ गेला. हा निष्कर्ष कोविडच्या टाळेबंदीत सक्तीने घरून केलेल्या कामाचा आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर झालेला डेव्हिड ॲटकिन, आंत्वानेट शोअर व सुमित शिंदे यांचा प्रयोग अधिक बोलका आहे. तेथे चिठ्ठीने घरून काम मिळालेल्यांची उत्पादकता कचेरीतल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरली. ज्यांची पसंती घराला होती त्यांचीच घट अधिक होती, आणि ती विशेषतः मुलांची वा घरच्यांची देखभाल अंगावर असलेल्या व गरीब कुटुंबांतील कर्मचाऱ्यांत दिसली. शांघाय आणि चेन्नई यांतला विरोध त्यामुळे वाटतो तितका तीव्र नाही. एकीकडे स्वतंत्र खोली ही पूर्वअट होती, दुसरीकडे तशी अट नव्हती. एका खोलीत चौघे राहणाऱ्या घरातील कर्मचाऱ्याला या पद्धतीचा लाभ मिळावा अशी खरी इच्छा असेल, तर नाइल्स यांच्या वस्तीजवळच्या केंद्राकडे पुन्हा वळावे लागेल.

कर्मचाऱ्याचे लाभ : ये-जा वाचणे हा मुख्य. २७ देशांच्या एका पाहणीत (२०२१-२२) घरून कामाच्या दिवशी सरासरी ७२ मिनिटे वाचतात असे आढळले. भारतात ही सरासरी ९९ मिनिटे आहे. वाचलेल्या वेळातील सुमारे ४० टक्के वेळ मात्र पुन्हा नोकरीच्या कामातच जातो. अपंग व्यक्ती, तान्ह्या मुलांच्या आया आणि घरी आजारी माणूस असलेले यांच्यासाठी ही पद्धत म्हणजे नोकरी टिकण्याचाच प्रश्न असतो. याची दुसरी बाजू २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीतून स्पष्ट होते : घरकामात भाग घेणाऱ्या भारतीय स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला घरकाम करत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. कचेरी घरात आल्याने हे अंतर आपोआप मिटत नाही. बढतीचा प्रश्नही आहे. सीट्रिपमध्ये सारखेच काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती कमी मिळाली आणि मुदत संपल्यावर सुमारे निम्मे कर्मचारी, मुख्यतः एकटेपणामुळे, कचेरीत परतले. याच कंपनीत पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात (निष्कर्ष २०२४) आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिले, तेव्हा नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले आणि काम व बढती यांवर अनिष्ट परिणाम दिसला नाही. काही दिवस कचेरीत व काही दिवस घरी, अशा मिश्र पद्धतीचा पक्ष यामुळे बळकट झाला आहे.

समाजाचे लाभ : वाहतूक व इंधन यांतील बचत नाइल्स यांच्यापासून सांगितली जाते. तिच्यावर वाहतुकीच्या अभ्यासक पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी घेतलेला आक्षेप वजनदार आहे : दूरसंचारामुळे प्रवास नुसता घटत नाही, नवा प्रवास निर्माणही होतो, आणि रोज जावे लागत नसेल तर माणसे आणखी लांब राहायला जातात. अमेरिकेपुरत्या २०२३ च्या एका अंदाजानुसार पूर्ण वेळ घरून काम केल्यास कामाशी निगडित कर्बउत्सर्ग ५४ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, आठवड्यातून एकच दिवस केल्यास फक्त २ टक्के.

लोकवस्ती टिकवण्यासाठीही पद्धतीचा उपयोग केला जातो. बाहेरच्या कंपनीची नोकरी घेऊन राज्यात राहायला येणाऱ्यांना अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने २०१८ च्या कायद्याने दोन वर्षांत १०,००० डॉलरपर्यंत अनुदान देऊ केले. आयर्लंडने जानेवारी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात लहान गावांतील सामायिक कार्यकेंद्रांच्या जाळ्यावर भर दिला. मुंबईसारख्या शहरात आपत्तीच्या दिवशीही काम चालू राहणे हा स्वतंत्र लाभ होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी. पाऊस झाला तेव्हा लाखो नोकरदार कचेऱ्यांत व रस्त्यांत अडकून पडले. आता अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर अनेक खाजगी कंपन्या आदल्या दिवशीच घरून काम जाहीर करतात. झळ पोचते ती कचेरीभोवतीच्या धंद्यांना : मुंबईच्या डबेवाल्यांचे गिऱ्हाईक २०२० नंतर घटले.

कायदा : युरोपीय मालक व कामगार संघटनांच्या १६ जुलै २००२ च्या करारात ही पद्धत दोन्ही पक्षांना ऐच्छिक असावी, असे तत्त्व आहे. अमेरिकेने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी डिसेंबर २०१० मध्ये कायदा केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याचा हक्क आहे. भारतात प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने, कामाचे स्वरूप तसे असल्यास, रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद केली. बीपीओ (इतर कंपन्यांची कामे करून देणाऱ्या) कंपन्यांवरील दूरसंचार खात्याचे निर्बंध ५ नोव्हेंबर २०२० रोजी बरेच सैल झाले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत ४३अ हा नियम घालून निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम देण्याची मुभा मिळाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये, २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी कचेरीत लागतील, असे उद्दिष्ट जाहीर केले होते. ऑक्टोबर २०२३ पासून तिने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले.