'डिपेंड'पुढे 'ऑन'च का?

इंग्रजीत 'डिपेंड'पुढे 'ऑन'च का येतो, असं विचारलं की बहुतेक शिक्षक सांगतात, पाठ करा. सल्ला व्यवहारी आहे, पण क्रियापद आणि 'ऑन', 'टू', 'विथ' असे छोटे शब्द यांच्या या जोड्या आकाशातून पडलेल्या नाहीत.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. पण शब्दांच्या शेवटच्या अक्षरांवर आघात नसे, त्यामुळे ती उच्चारात पुसट होत गेली. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांची भाषा इंग्रजीच्या नात्यातली, मात्र प्रत्यय निराळे. या सरमिसळीने झीज वाढली, असं अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यय गेले आणि त्यांचं ओझं 'टू', 'बाय', 'विथ' अशा चिमुकल्या शब्दांवर पडलं. शब्द मोजके, कामं ढीगभर.

मग अर्थही सरकले. 'विथ'चा जुना अर्थ 'विरुद्ध'! 'सोबत' या अर्थी 'मिड' हा वेगळा शब्द होता. तो मागे पडला आणि 'विथ' त्याच्या जागी बसला. 'मिड' आता 'मिडवाइफ'मध्ये तेवढा उरलाय: बाळंतिणीसोबत असणारी ती. जुना 'विथ' मात्र 'विथस्टँड'मध्ये अजून विरोधात उभा आहे, आणि 'फाइट विथ' म्हणजे कुणाशी लढणं की कुणाच्या बाजूने, हे संदर्भावरच ठरतं.

1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यांच्या छोट्या जोडीदार शब्दांसकट. फ्रेंच वळणाने 'डिपेंड ऑफ' असंही एकेकाळी लिहीत. पुढे 'ऑन' रूढ झाला.

परक्यांची यात होणारी दमछाक इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. साध्या क्रियापदाला छोटा शब्द जोडला की अर्थच पालटतो: 'फॉल ऑन' म्हणजे हल्ला करणं, 'टेक ऑफ' म्हणजे नक्कल करणं. त्याआधी, 1672 मध्ये, इंग्रज कवी ड्रायडनने वाक्याच्या शेवटी असे शब्द येण्याला नाक मुरडलं होतं. शेवटी असा शब्द नको, या त्यातून आलेल्या नियमाने शिकणाऱ्यांचा छळच जास्त केला. खरं काम झालं 1942 मध्ये टोकियोत. इंग्रजीचे शिक्षक ए. एस. हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी खास शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशात शब्दाच्या अर्थासोबत तो वाक्यात कसा चालतो हेही दाखवलं.

आजही सगळं ठरलेलं नाही. ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन'. 'टायर्ड ऑफ'च्या धर्तीवर तरुण सर्रास 'बोअर्ड ऑफ' म्हणतात, आणि जुन्या वळणाचे शिक्षक तिथे अजून 'विथ' करून देतात.