२१४७४८३६४७: एका रकान्याची पार्श्वभूमी

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची अडत असलेल्या एका व्यापाऱ्याचा आंबिया बहाराच्या ऐन हंगामात फोन आला. शेतकऱ्यांना रोजचा भाव एसएमएसने जायचा, तो एकालाही पोचत नव्हता. दुकानात जाऊन डेटाबेस उघडला. शेतकऱ्यांच्या टेबलात साडेतीनशे ओळी होत्या आणि मोबाइलच्या रकान्यात साडेतीनशे वेळा एकच आकडा: २१४७४८३६४७.

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरवर काम केलेल्यांना हा आकडा पाठ असतो. इंटिजर, म्हणजे पूर्णांक, या रकान्याच्या प्रकाराला ३२ बिट मिळतात, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या ३२ जागा. निम्मा पल्ला ऋण संख्यांसाठी गेला की वरच्या टोकाला एवढीच संख्या उरते, २१४ कोटींच्या थोडी पुढे. आपला मोबाइल नंबर दहा अंकी आणि त्याचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे लहानात लहान नंबरही ६०० कोटींच्या घरातला, तिथे मावणारा एकही नाही. जुनं मायएसक्यूएल अशा वेळी अडवत नसे. मावेल ती सर्वांत मोठी संख्या लिहायचं, एक इशारा द्यायचं आणि पुढे जायचं. २०१५ साली आलेल्या ५.७ आवृत्तीपासून ते मुळातच कडक झालं, आता अशी नोंद ते नाकारतं. दुकानातली आवृत्ती त्याआधीची होती.

नंबर गेले ते गेलेच. काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या शेतकऱ्यांच्या जुन्या हिशेबपट्ट्या काढून, त्यांवर पेनाने लिहिलेले नंबर बघून, आम्ही दोन आठवडे रोज संध्याकाळी ते परत भरले. ज्या मुलानं ते टेबल बनवलं होतं तो हुशार होता. नंबर म्हणजे अंक, अंक म्हणजे इंटिजर, असा सरळ विचार त्यानं केला. तसा विचार आपण सगळेच का करतो, याचं उत्तर शोधायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

संगणकाच्या आधी छिद्रांची कार्डं होती. हर्मन हॉलरिथनं १८९० च्या अमेरिकी जनगणनेची मोजणी अशा कार्डांवर केली, आणि १९२८ मध्ये आयबीएमनं ८० रकान्यांचं कार्ड आणलं, जे पुढे काही दशकं जगभर चाललं. या कार्डावर रकाना ही खरोखरची जागा होती: एक उभी पट्टी, तिच्यात एका अक्षराची छिद्रं. नावाला २० पट्ट्या दिल्या की पत्त्याला तेवढ्या कमी उरणार. वर्ष लिहायला दोन पट्ट्या पुरेत, '१९' कशाला वाया घालवायचं, हा निर्णय त्या काळात शहाणपणाचाच होता. शतक पालटताना त्याच दोन अंकांपायी जगभरचे प्रोग्रॅम तपासत बसावं लागलं.

१९५९-६० मध्ये कोबॉल भाषा घडली तेव्हा तिनं हीच सवय उचलली. कोबॉलमध्ये रकान्याचं वर्णन 'पिक्चर' या शब्दानं होतं: ९ म्हणजे अंकाची जागा, एक्स म्हणजे कुठल्याही चिन्हाची जागा. पाच वेळा ९ लिहिलं की पाच अंक. जिल्ह्याचा कोड असो की विकलेल्या पेट्यांची संख्या, दोघांचं चित्र सारखंच. आत काय आहे हे त्या चित्राला ठाऊक नसे, किती जागा लागेल तेवढं ठाऊक असे.

ही चौकट मोडायचा खरा प्रयत्न एडगर कॉडनं केला. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करताना जून १९७० मध्ये त्याचा रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडायच्या पद्धतीवरचा, शोधनिबंध छापून आला. त्यातला 'डोमेन' हा शब्द मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक रकाना एखाद्या डोमेनमधून आपली मूल्यं घेतो, आणि डोमेन म्हणजे त्या गोष्टीसाठी शक्य असलेल्या मूल्यांचा संच. पेट्यांची संख्या आणि पिनकोड दोन्ही अंकांनी लिहिले जातात, पण त्यांची डोमेन वेगळी, म्हणून एकाची दुसऱ्याशी तुलना करणं निरर्थक. किती जागा लागेल, हा प्रश्न इथे मागे पडतो. ही वस्तू काय आहे, हे आधी ठरतं.

दुर्दैवानं प्रत्यक्षात उतरला तो कोबॉलचा वारसा. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी डेटाबेसला प्रश्न विचारायची सीक्वेल ही भाषा मांडली, पुढे तिचं नाव एसक्यूएल झालं. १९८६ साली तिचं पहिलं मानक (स्टँडर्ड) निघालं, त्यात प्रकार होते ते यंत्राचे: ठरावीक लांबीची अक्षरं, पूर्णांक, दशांश, फ्लोट. तारखेसाठी प्रकारच नव्हता. कमीजास्त लांबीच्या मजकुरासाठी, म्हणजे आज ज्याला आपण व्हारचार म्हणतो त्यासाठीही नव्हता. दोन्ही १९९२ च्या मानकात आले. मधल्या काळात प्रत्येक कंपनीनं आपापली सोय केली, आणि आज एका डेटाबेसमधून दुसऱ्यात टेबल हलवताना जो ताप होतो त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. ओरॅकल या डेटाबेसच्या 'डेट' रकान्यात तारखेबरोबर वेळही साठते, तर मानकातल्या 'डेट'मध्ये फक्त तारीख असते. हे माहीत नसलं की 'आजच्या पावत्या' काढणाऱ्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, एकही ओळ सापडत नाही.

१९९२ मध्ये डोमेन हा शब्दही एसक्यूएलमध्ये परतला. पोस्टग्रेस या डेटाबेसनं तो घेतला, मायएसक्यूएलनं अजूनही घेतलेला नाही, ओरॅकलनं २०२३ मध्ये घेतला. कॉडच्या निबंधानंतर तब्बल त्रेपन्न वर्षांनी.

पैशाची गोष्ट यात सर्वांत जुनी. १ एप्रिल १९५७ आधीच्या अडतीच्या वह्या पाहिल्या तर रकमेला तीन उभे रकाने दिसतात: रुपये, आणे, पै. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आण्याच्या रकान्यात १६ लिहिणारा मुनीम कच्चा समजला जाई, कारण १६ झाले की रुपयाच्या रकान्यात एक चढवायचा. त्या वहीला आपली डोमेन नीट ठाऊक होती. दशमान पैसा आला आणि एकाच रकान्यात टिंब देऊन भागू लागलं. पुढे संगणकात त्या टिंबानं घोळ घातला.

फ्लोट हा प्रकार शास्त्रज्ञांसाठी जन्मला. तो संख्या दोनच्या घातांकात मांडतो, आणि आपला दहा पैसे हा ०.१ दोनच्या पद्धतीत कधीच पुरा लिहून होत नाही, जसा दशमानात एक तृतीयांश होत नाही. विल्यम काहान यांच्या पुढाकारानं १९८५ मध्ये फ्लोटचं मानक आलं. त्यामुळे सगळी यंत्रं सारखी वागू लागली, पण ०.१ आणि ०.२ मिळवून नेमके ०.३ येत नाहीत ते नाहीतच. अडतीत हमाली, तोलाई, दलाली अशा छोट्या कपाती रोज शेकड्यांनी होतात. तिथे फ्लोट ठेवला तर मार्चअखेर खातेवहीची बेरीज आणि हिशेबपट्ट्यांची बेरीज काही पैशांनी फिरते, आणि ते पैसे शोधण्यात दिवाणजीचे दिवस जातात. माझं मत यात ठाम आहे: पैसा डेसिमलमध्येच ठेवावा. डेसिमल(१२,२) म्हणजे एकूण १२ अंक, त्यातले दोन टिंबानंतर. १००० कोटींच्या आतली रक्कम त्यात मावते. हा प्रकारही जुनाच आहे. दशमान अंक जसेच्या तसे साठवायची सोय आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम ३६० मालिकेत थेट यंत्रातच होती, कारण हिशेबनिसांना तीच लागे.

आता मराठीकडे येतो. हा भाग मला इंग्रजीतल्या पुस्तकांत कधी नीट सापडला नाही, आणि नागपुरात काम करताना तो रोज आडवा येतो. रोमन लिपीत इथल्या एका भागाचं 'Sitabuldi' हे नाव लिहिलं तर नऊ अक्षरं आणि नऊ बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट). देवनागरीत 'सीताबर्डी' लिहिलं तर काना, वेलांट्या, हलन्त धरून चिन्हं नऊच, पण युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संहितेच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे सत्तावीस. ओरॅकलच्या व्हारचार२ मध्ये मुद्दाम सांगितलं नाही तर लांबी सहसा बाइटमध्ये मोजली जाते. तिथे २० लांबीचा 'परिसर' रकाना इंग्रजी पत्त्यांना वर्षानुवर्षं पुरतो आणि पहिला मराठी पत्ता आला की नोंद नाकारतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस लांबी चिन्हांत मोजतात, तिथे २० मध्ये 'सीताबर्डी' आरामात बसतं. पण चिन्ह म्हणजे आपल्या कानाला ऐकू येणारं अक्षर नव्हे. बोलताना आपण सी-ता-ब-र्डी अशी चारच म्हणतो.

युनिकोडआधी इस्की ही भारतीय संहिता होती, १९८८ ची आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं स्वीकारलेली. तिच्यात जवळपास प्रत्येक चिन्हाला एकच बाइट लागे. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरी कार्यालयांत बराच काळ चाललं ते फॉन्टवरचं मराठी. डोळ्यांना देवनागरी दिसायची, आत मात्र रोमन अक्षरांचे कोड साठलेले असायचे. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवलेली. अशा रकान्यावर अकारविल्हे यादी लागत नाही, शोध लागत नाही, आणि फॉन्ट हरवला की मजकुराचा अर्थही हरवतो. असा डेटा युनिकोडमध्ये आणताना कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं हे सांगणारा माणूस निवृत्त झालेला असतो.

युनिकोडनंतरही एक खाच उरते, ती खास आपली. 'वऱ्हाडे' या आडनावातला अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, साठवणीत वेगळे. मग एकाच माणसाची दोन खाती उघडतात आणि युनिक, म्हणजे एक मूल्य एकदाच, अशी अट लावलेला रकाना काही हरकत घेत नाही. त्यामुळे नावाच्या रकान्याचा प्रकार आणि लांबी ठरवून काम संपत नाही. मजकूर आत येतानाच एका रूपात आणावा लागतो.

मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जो प्रकार वर्षानुवर्षं होता तो प्रत्यक्षात तीनच बाइटचा. मराठीला तीन पुरत, म्हणून कुणाला खटकलं नाही. मोबाइलवरून इमोजी येऊ लागल्या, त्यांना चार बाइट लागतात, आणि पहिल्या इमोजीशी नोंद अडकू लागली. २०१० मध्ये चार बाइटचा 'यूटीएफ८एमबी४' आला. नवं टेबल बनवताना दुसरं काही निवडायचं कारण आता उरलेलं नाही.

व्हारचार(२५५) ची सवयही अशीच मागून आलेली. मायएसक्यूएलच्या ५.०.३ आवृत्तीआधी लांबीची नोंद एकाच बाइटमध्ये होई, म्हणून २५५ ही कमाल. ती मर्यादा उठून बरीच वर्षं झाली, तरी नाव, गाव, पिनकोड, सगळ्यांना २५५ देणारी टेबलं मी दर महिन्याला पाहतो.

मोबाइल नंबरासारखे फसवे आकडे आपल्याकडे पुष्कळ. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. तो पूर्णांकात ठेवला की ७१२ होतो, शून्य जातं. शेतजमिनीच्या खसऱ्याचा क्रमांक १२/१ एक्सेलमधून टेबलात आणायला जावं तर एक्सेल त्याची तारीख करून ठेवतं. पिनकोडचं उदाहरण मला विशेष आवडतं, कारण ती पद्धत एका मराठी माणसानं आखली. केंद्रीय दळणवळण खात्यात असलेले, संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ४४०००१ मधला पहिला ४ विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं कार्यालय. वेलणकरांनी अंकांना पत्त्याचा अर्थ दिला. भारतातला पिनकोड शून्यानं सुरू होत नाही, त्यामुळे तो इंटिजरमध्ये ठेवला तरी काही बिघडल्याचं दिसत नाही. पण मग 'पहिले तीन अंक ४४०' असं विचारायला दर वेळी संख्येचा मजकूर करावा लागतो. सहा अक्षरांचा ठरावीक लांबीचा प्रकार आणि फक्त अंक चालतील अशी अट, एवढं त्याला पुरतं.

काळाच्या रकान्यातही हाच ३२ बिटांचा कप्पा लपलेला आहे. मायएसक्यूएलचा टाइमस्टँप हा वेळेचा प्रकार १९७० पासूनचे सेकंद मोजतो आणि १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, तेच २१४७४८३६४७ गाठतो. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्यापलीकडे पडतो. त्याची तारीख 'डेट' रकान्यातच हवी.

कळमन्याच्या त्या टेबलात मोबाइलचा रकाना आता व्हारचार(१६) आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार देशाच्या कोडसह नंबर जास्तीत जास्त १५ अंकी असतो, आणि पुढे एक अधिकचिन्ह. भारतीय नंबरांसाठी पहिल्या अंकाची अट लावली आहे. नंबर परत भरताना कळलं की सात शेतकऱ्यांकडे मोबाइलच नाही. जुन्या टेबलात रकाना रिकामा ठेवायची मुभा नव्हती, म्हणून दुकानातल्या पोरानं तिथे मालकाचाच नंबर घातला होता. त्या सात ओळी आता रिकाम्या आहेत. त्यांना भाव गावातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर कळतो. तो दुसरा कोण, हे लिहायला आम्ही शेजारी एक रकाना वाढवला.