चेक (इंग्रजी शब्द)

बँकेत भरायचा चेक, चौकड्यांच्या शर्टावरचे चेक्स, डॉक्टरांकडचा चेकअप, हॉटेलातले चेक-इन, बुद्धिबळातला चेक आणि ‘दार लावलंय का, चेक कर’ यातला चेक हे इंग्रजीच्या दृष्टीने एकाच शब्दाचे अर्थ आहेत. त्या शब्दाचे मूळ फार्सीतल्या ‘शाह’ म्हणजे राजा या शब्दात आहे. मराठीतला ‘शह’ही तिथूनच आला. एकाच घरातून निघालेले हे दोन शब्द दोन वेगळ्या वाटांनी मराठीत पोहोचले: एक दख्खनच्या फार्सी दरबारांतून, तर दुसरा अरबस्तान, फ्रान्स आणि इंग्लंड असा मोठा वळसा घेऊन. दोघांचे नाते मात्र आपल्या सहसा लक्षात येत नाही.

पटावरची हाक

सुरुवात भारतातच होते. साधारण सहाव्या शतकापर्यंत उत्तर भारतात ‘चतुरंग’ हा खेळ रूढ झाला होता. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात या खेळाचा उल्लेख केला आहे. खेळ इराणात गेला तेव्हा त्याचे नाव ‘चत्रंग’ झाले आणि अरबांकडे गेल्यावर ‘शतरंज’. हिंदुस्थानच्या राजाने इराणच्या खुसरो नौशेरवानाकडे हा पट कोडे म्हणून पाठवला, अशी कथा मध्य फार्सीत सांगितली आहे. कथा म्हणूनच ती वाचावी, पण खेळ पूर्वेकडून आला ही आठवण तिने जपली आहे.

इराणात मुख्य सोंगटी ‘शाह’ झाली. राजावर हल्ला झाला की खेळाडू ‘शाह!’ असे मोठ्याने म्हणे, म्हणजे ‘राजा सांभाळ’. राजा कुठेच सरकू शकेनासा झाला की ‘शाह मात’. या ‘मात’चा अर्थ ‘मेला’ असा सर्रास सांगितला जातो, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे तो मरण पावला. फार्सीत मात्र ‘मात’ म्हणजे हतबल, गोंधळून जागीच राहिलेला. खेळाचा नियम पाहिला तर हा दुसरा अर्थच पटतो: पटावर राजा कधी मारला जात नाही, त्याला फक्त कोंडले जाते. ‘संकटावर मात केली’ असे आपण म्हणतो तेव्हा संकट मेलेले नसते, ते निष्प्रभ झालेले असते. मराठीने मूळ अर्थ अधिक नीट सांभाळला, असे म्हणायला हरकत नाही.

याच खेळात एका चालीने राजाला शह आणि रुखावर हल्ला असे दोन्ही साधले की त्याला ‘शाह रुख’ म्हणत. रुख म्हणजे आपल्याकडचा हत्ती. तैमूरलंग अशी चाल खेळत असतानाच मुलगा झाल्याची बातमी आली आणि त्याने मुलाचे नाव शाहरुख ठेवले, अशी आख्यायिका अरबी चरित्रकार इब्न अरबशाह सांगतो. त्या नावाचा ‘राजमुखाचा’ असाही सरळ अर्थ लागतो, कारण रुख म्हणजे चेहराही.

शाहच्या आधी

‘शाह’चे जुने रूप प्राचीन इराणच्या हखामनी घराण्यातल्या सम्राटांच्या शिलालेखांत मिळते. त्यांपैकी पहिल्या दारयवहूने (इंग्रजीतला डरायस) इ. स. पू. ५२० च्या सुमारास इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरून घेतला. त्यात तो स्वतःला ‘क्षायथिय क्षायथियानाम्’ म्हणजे राजांचा राजा म्हणवतो. पुढे झिजून त्याचेच ‘शाहानशाह’ झाले आणि मराठीत ‘शहेनशहा’. ‘क्षायथिय’ ज्या धातूपासून आला, तो वैदिक संस्कृतातही आहे: ‘क्षयति’, म्हणजे सत्ता चालवतो. झीज या अर्थाच्या ‘क्षया’शी त्याची गल्लत करू नये. ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ याच कुळातले. प्राचीन इराणी ‘क्षथ्र’ म्हणजे राज्य. त्याचेच फार्सीत ‘शहर’ झाले.

महाराष्ट्राच्या मातीत या कुळाचा आणखी एक शब्द कोरलेला आहे. प्राचीन इराणी भाषेत राज्याचे रक्षण करणाऱ्या सुभेदाराला ‘क्षत्रपावन’ म्हणत. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत आणि नहपान हा क्षहरात कुळातला क्षत्रप होता; ‘क्षत्रप’ हे त्या ‘क्षत्रपावन’चेच रूप. आज वर्तमानपत्रे एखाद्या वजनदार प्रादेशिक नेत्याला ‘क्षत्रप’ म्हणतात आणि त्याला कुणी ‘शह’ दिल्याची बातमी छापतात, तेव्हा एकाच वाक्यात एका धातूचे दोन वंशज शेजारी बसलेले असतात. त्या बातमीत कुणी ‘ब्लँक चेक’ दिल्याचे आले, तर तीन.

युरोपातली रूपे

अरबांबरोबर शतरंज स्पेन आणि इटलीत पोहोचले. लॅटिन लिहिणाऱ्यांनी ‘शाह’चे ‘स्काकुस’ केले, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एश्चेक’ झाले. इंग्रजांनी फ्रेंचांकडून एकवचन घेतले त्याचे झाले ‘चेक’. अनेकवचन घेतले त्याचे झाले ‘चेस’. म्हणजे इंग्रजीत खेळाचे नाव आणि राजाला दिलेला शह हा एकच शब्द, फक्त वचन वेगळे. रशियनांनी तर ‘शाह मात’ हेच खेळाचे नाव केले: ‘शाखमती’. आजच्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ म्हणजे अपयश. स्पॅनिश लोकांनी मात्र खेळाला ‘अखेद्रेस’ म्हटले; ते शतरंजाचे, म्हणजे आपल्या चतुरंगाचेच रूप.

युरोपात पोहोचेपर्यंत पट रंगीत नव्हता. भारतातला ‘अष्टापद’ पट आणि इराणी-अरबी पट एकरंगी असत, त्यावर घरे नुसत्या रेघांनी आखलेली. एकाआड एक काळी-पांढरी घरे करण्याची चाल युरोपातली, अकराव्या शतकाच्या आसपासची. ही बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पट तसाच एकरंगी राहता, तर चौकडीच्या कापडाला कुणी ‘चेक्स’ म्हटले नसते आणि मोटार शर्यतीच्या शेवटी फडकणारा झेंडा ‘चेकर्ड फ्लॅग’ झाला नसता. राजाचे नाव खेळाला लागले, खेळाचे पटाला आणि पटाचे कापडाला.

पटासारखे मेज

याच पटाने शब्दाला पैशांच्या जगात नेले. बाराव्या शतकाच्या आरंभी, पहिल्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडच्या राजाचा महसूल एका खास मेजावर मोजला जाऊ लागला. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस या कचेरीचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले. मेज १० फूट लांब आणि ५ फूट रुंद, कडेला चार बोटे उंचीची पट्टी, म्हणजे वर ठेवलेले काही घरंगळू नये. त्यावर काळे कापड आणि कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. प्रत्येक रकान्याची किंमत ठरलेली: पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार. रकान्यांत सोंगट्यांसारखे मणी किंवा नाणी मांडायची आणि सरकवत हिशोब करायचा.

एवढा खटाटोप का, हे समजून घ्यायला हवे. इंग्लंडच्या कचेऱ्यांत तेव्हा रोमन अंक चालत. त्यांना स्थानमूल्य नाही, शून्य नाही. त्या अंकांत लांबलचक बेरीज-वजाबाकी कागदावर करून पाहावी, म्हणजे अडचण कळते. मेजावरचा रिकामा रकाना शून्याचे काम करी. शिवाय शेरीफला, म्हणजे परगण्याचा वसूल आणणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याला, लिहिता-वाचता येत नसले तरी आपल्यासमोर काय मांडले जात आहे ते दिसे. मेजाच्या एका बाजूला शेरीफ, दुसऱ्या बाजूला खजिनदाराची माणसे. पटावर जशी दोघांत लढत होते तशीच ही, असे फिट्झनीलने स्वतःच म्हटले आहे.

या मेजाला आणि पुढे त्या कचेरीला ‘एक्स्चेकर’ म्हणजे बुद्धिबळाचा पट असे नाव पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. भरलेल्या रकमेची पोच म्हणून ही कचेरी खाचा पाडलेली काठी उभी चिरून एक फाळका भरणाऱ्याला देई आणि दुसरा स्वतःकडे ठेवी. दोन्ही जुळले की हिशोब खरा. निकामी झालेल्या अशा काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी संसदेच्या इमारतीखालच्या भट्ट्यांत जाळल्या गेल्या. आग आटोक्यात राहिली नाही आणि वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा बहुतांश जळून गेला.

अडवणे, जुळवणे, तपासणे

पटावर शह लागला की बाकीचे सगळे बेत थांबतात, आधी राजा वाचवावा लागतो. इंग्रजी शब्दाचा पहिला फैलाव याच अनुभवातून झाला: चेक म्हणजे अचानक बसलेला अडथळा. शिकारी कुत्र्यांना वास लागेनासा होऊन ती थबकली की त्यालाही चेक म्हणतात. त्यातून आवर घालणे, ताब्यात ठेवणे हा अर्थ आला. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेबद्दल बोलताना ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात ते याच अर्थाने: अध्यक्षाने नकाराधिकार वापरून कायदेमंडळाला आवरायचे आणि कायदेमंडळाने अध्यक्षाला.

आवर घालायचा तर नजर ठेवावी लागते, आणि नजर ठेवायची तर जुळवून पाहावे लागते. सतराव्या शतकात पडताळणीचा अर्थ पक्का झाला. मग ज्या वस्तूने पडताळणी होते तीही चेक झाली: कोट सांभाळायला दिल्यावर मिळणारा बिल्ला, तपासल्याची खूण. अमेरिकेत तर खानावळीतल्या बिलालाही चेक म्हणतात.

बँकेचा चेक इथूनच निघाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे हुकूमनाम्याचा मागे राहणारा अर्धा भाग, आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो तो. बनावट कागद पकडायला तो जुळवून बघत. हळूहळू त्या भागाचे नाव सबंध कागदाला लागले. पद्धत शब्दापेक्षा जुनी आहे: लंडनमधल्या क्लेटन आणि मॉरिस या पेढीवर काढलेला ४०० पौंडांचा हस्तलिखित चेक सतराव्या शतकाच्या मध्याचा आहे. ‘एक्स्चेकर’च्या प्रभावाने ब्रिटनमध्ये पैशांच्या चेकचे स्पेलिंग वेगळे झाले, अमेरिकेने जुनेच ठेवले.

याला एक पर्यायी व्युत्पत्ती सांगितली जाते. फार्सीत ‘चक’ आणि त्यावरून अरबीत ‘सक्क’ म्हणजे देण्याघेण्याचा लेखी कागद. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहारातल्या औदागुस्त इथे ४२,००० दिनारांचा असा सक्क पाहिल्याचे लिहिले आहे. नाद जुळतो, व्यवहारही जुळतो, म्हणून ही व्युत्पत्ती मोहात पाडते. पण इंग्रजी कागदपत्रांत शब्द आधी स्थळप्रतीसाठी येतो आणि मग रकमेच्या कागदासाठी, हा क्रम स्पष्ट आहे. अरबी सक्कापासून इंग्रजीपर्यंतची मधली पायरी दाखवता येत नाही. त्यामुळे पहिलीच व्युत्पत्ती स्वीकारलेली बरी.

मराठीतला चेक

ब्रिटिशांनी स्पेलिंगने वेगळे केलेले दोन शब्द देवनागरीत पुन्हा एक झाले. ‘धनादेश’ हा शब्द सरकारी पत्रांत आणि बक्षीस समारंभांच्या बातम्यांत स्थिरावला आहे, बोलण्यात चेकच. चेक फाडतात, चेक वटतो किंवा परत येतो. हुंडीसाठी वापरली जाणारी ‘वटणे’ ही क्रिया चेकला आयती मिळाली आणि परका कागद मराठी व्याकरणात सहज बसला. चेक न वटल्यास फौजदारी कारवाईची तरतूद करणारे कलम १३८ हे १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने आले आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. ‘एकशे अडतीसची केस’ हे शब्द आता कोर्टाची पायरी न चढलेल्या दुकानदारालाही ठाऊक असतात. ‘क्रॉस चेक’ मराठीत दोन कामे करतो: दोन तिरक्या रेघा मारलेला चेकही तोच आणि दुसऱ्या बाजूने केलेली खातरजमाही तीच.

‘चेकनाका’ हा जोडशब्द मला या साऱ्यात सर्वांत आवडतो. मुंबई आणि ठाण्याच्या सीमेवर मुलुंडला गाड्या अडवून जकात घेत, तो मुलुंड चेकनाका. अडवणे आणि तपासणे हे शब्दाचे दोन जुने अर्थ तिथे एकाच जागी नांदत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईतली जकात संपली, पण बसचे थांबे आणि रिक्षावाले अजून चेकनाकाच म्हणतात.

‘चेक करणे’बद्दल मात्र खंत वाटते. तांदूळ निवडताना पाहणे, सोने पारखणे, हिशोब ताडणे, खिसा चाचपणे, बातमीची खातरजमा करणे, वही तपासणे या प्रत्येक कामाला मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे आणि प्रत्येकात हाताची, डोळ्यांची निराळी हालचाल आहे. ‘चेक केलं’ म्हटल्यावर नक्की काय केले ते कळत नाही. चेकनाक्याने मराठीत भर घातली. ‘चेक करणे’ रोज थोडे काढून घेते.

नुसत्या नादावरून या कुळात ओढले जाणारे दोन शब्द बाहेर ठेवले पाहिजेत. ‘शहाणा’चा शाहशी संबंध नाही, तो संस्कृत ‘सज्ञान’वरून आला. आणि प्राग ज्यांची राजधानी आहे ते चेक लोक या शब्दाचे कुणीच लागत नाहीत. त्यांचे नाव स्लाव्ह भाषेतले आहे आणि तिथल्या दंतकथेत चेक हा त्यांचा आदिपुरुष. इंग्रजीत त्या नावाचे स्पेलिंग पोलिश वळणाचे आहे, उच्चार मात्र बँकेच्या चेकसारखाच. मराठी वर्तमानपत्रे पुष्कळदा ‘झेक प्रजासत्ताक’ लिहितात. मूळ उच्चार च-चाच आहे, पण त्या ‘झ’मुळे निदान बँकेच्या चेकशी घोटाळा होत नाही.