जुनी दुनळी मधेच नुसतं टक् का करते? थोडी पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात अजूनही काही घरांत आजोबांपासून चालत आलेली बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक सापडते, परवाना आता नातवाच्या नावावर आणि तक्रार बहुतेक घरांत एकच, की चारदा बार व्यवस्थित उडतो आणि पाचव्यांदा नुसतं टक्. मग काडतूस खराब, स्प्रिंग गेली, बंदूकच म्हातारी झाली असं ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. माझं म्हणणं एवढंच की आधी तिचा इतिहास बघा, अर्धं निदान तिथंच होतं.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीत सगळं उघड्यावर होतं. स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये ठोका बसला की पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे टोपी आली, म्हणजे ठोक्याने पेटून बार उडवणारी छोटी वाटी, मग टोपी काडतुसाच्या बुडातच बसली, पण ठोका देणारे घोडे बाहेरच होते. घोडा जोरात पडतोय की अर्धवट हे डोळ्यांना दिसायचं. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमला वेस्टली रिचर्ड्सकडच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडे नळ्यांमागच्या पेटीच्या आत घातले, काडतूस भरायला नळ्या बिजागरीवर खाली वाकवल्या की आतले घोडे आपोआप चढणार, काम एकदम सोपं. आज आपल्याकडच्या बिनघोड्याच्या बहुतेक दुनळ्या याच घराण्यातल्या. सोय झाली खरी पण बिघाडही आतच गेला, आणि ती पेटी पन्नास पन्नास वर्षं कोणी उघडत नाही. (उघडणारे काही जण तर घरातल्या जाड पेचकसाने उघडतात, त्या जुन्या इंग्लिश स्क्रूच्या खाचा अगदी बारीक असतात, एकदा चेपल्या की संपलं.)

आत काय होतं तर तेल वाळतं. बंदूक ठेवून द्यायची म्हणून प्रत्येक पिढीने वरून भरपूर तेल ओतलेलं असतं, ते खाली उतरून धूळ आणि दारूच्या काजळीत मिसळतं, आणि जुन्या शिलाई मशीनसारखी आतली हालचाल जड होते. म्हणून नाशकातल्या थंडीत पहाटे फुसकी जाणारी बंदूक दुपारी उन्हात नीट चालली तर मी स्प्रिंगच्या आधी या चिकट्यावर संशय घेईन.

यात भर म्हणजे बंदूक वापरातच राहिली नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीचा जमाना संपला, उरला तो पीक संरक्षणाचा आणि स्वसंरक्षणाचा परवाना, म्हणजे वर्षभर बंदूक कपाटात. निवडणूक आली की अनेकांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ मध्येच बघा, नाशकात लोकसभेचं मतदान २० मे ला, विधानसभेचं २० नोव्हेंबरला आणि मधे अख्खा पावसाळा. इगतपुरी-पेठकडच्या दमट हवेत तशीच पडून राहिलेल्या बंदुकीचं काय होत असेल ते सांगायला नको.

काडतुसांचाही इतिहास आहेच. पूर्वी कागदी कवचाची असायची, ओल लागली की फुगायची. प्लास्टिकचं कवच रेमिंग्टनने १९६० मध्ये आणलं, आपल्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं बरेच जण वापरतात. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचं जळल्यावर मीठ उरतं, ते ओल ओढतं, आणि जिथून टोपीवर ठोका देणारी पिन बाहेर येते त्या भोकाभोवती गंज धरतो, मग पिन अडकत अडकत पुढे येते.

आता जवळून बघायची वस्तू एकच, न उडालेल्या काडतुसाची टोपी. तिच्यावर पिनेने पाडलेला खड्डा उथळ असेल तर ठोका कमी पडतोय, म्हणजे चिकटा, थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेली पिन. खड्डा एका बाजूला असेल तर पिन किंवा तिचं भोक बघा. खड्डा खोल आणि मधोमध असूनही बार उडाला नाही तर काडतुसाला दोष द्या, खुशाल द्या. अजून एक भानगड, बिजागरीची पिन झिजली की नळ्या आणि मागचा भाग यांत फट पडते, काडतूस मागेपुढे हलतं आणि अर्धा ठोका त्यातच जातो. पुढचा लाकडी भाग काढून रिकामी बंदूक बंद करून हलवली तर हा ढिलेपणा हाताला कळतो.

नळी कुठली ते लिहून ठेवा. दोन चापांच्या बंदुकीत पुढचा चाप बहुतेक उजव्या नळीचा असतो, पहिला बार तिचाच, त्यामुळे झीजही तिचीच जास्त. सारखी एकच नळी फुसकी जात असेल तर दोष बंदुकीत. दोन्ही नळ्या आलटून पालटून, तर काडतुसं किंवा चिकटा.

आणि टक् झाल्यावर लगेच उघडायची नाही, जुनी टोपी कधीकधी उशिरा पेटते, नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मग उघडायची. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच, कारण शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, आणि जाताना ते न उडालेलं काडतूस कुठल्या नळीतलं तेवढं त्याला नक्की सांगा.